डोरीन हॅवर्थचे ओठ

डोरीन हॅवर्थला गप्प बसवणं सोपं होतं. तिचं तोंड बंद ठेवणं मात्र कुणाच्या बापाला जमलं नसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला मला दहा वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा एका सहा वर्षांच्या मुलीचं सगळंच पणाला लागलं होतं.

मी पहिलीची वर्गशिक्षिका आणि डोरीन माझी मदतनीस. आमचं गाव इंग्लंडातल्या लँकाशरमधलं, बर्नलीहून बसनं वीस मिनिटांवर. ती तेव्हा बासष्ट वर्षांची होती. बुटकी, रुंद, बारा महिने तेरा काळ एकच आकाशी कार्डिगन, खिशात पेपरमिंट आणि चुरगळलेले रुमाल. पंधराव्या वर्षी ती आईच्या मागून कापड गिरणीत गेली. एका शेडमध्ये चारशे माग. तिथे शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही. एकेक अक्षर सगळ्या चेहऱ्यानं घडवायचं. त्या बोलीला आमच्याकडे मीमॉ म्हणतात. मुकादम मध्ये उभा असताना त्याच्या डोक्यावरून त्याच्याच बायकोच्या भानगडी या टोकाहून त्या टोकाला पोचायच्या, आणि त्याला पत्ता नसायचा. स्टॅन हॅवर्थ माग दुरुस्त करायचा. त्यानं अकरा माग ओलांडून ओठांनीच तिला लग्नाचं विचारलं. तिला पहिल्या फटक्यात समजलं होतं, पण 'कळलं नाही, परत म्हण' असं तिनं त्याला तीनदा करायला लावलं. हा किस्सा ती दर ख्रिसमसच्या जेवणाला सांगायची आणि स्टॅन दर वेळी पुडिंगमध्ये डोकं घालायचा.

गिरणी बंद पडली. डोरीन आमच्या शाळेत दुपारचं जेवण वाढायला आली आणि तिथून हळूहळू वर्गात शिरली. मागांनी तिचा डावा कान पूर्ण खाल्ला होता आणि उजवा निम्मा. कानातलं यंत्र होतं, पण ते किटलीसारखं शिट्ट्या मारायचं आणि पोरं खिदळायची, म्हणून ते बहुतेक वेळ कार्डिगनच्या खिशात पेपरमिंटांच्या सोबतीला असायचं.

आता गंमत बघा. शाळेत आवाज शिकवण्यात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या पोराची पहिली मोठी ठेच म्हणजे स्वर. अक्षर तेच, पण कुठे त्याचा आवाज आखूड आणि कुठे लांब. 'हॉप'च्या शेपटीला एक ई चिकटवली की 'होप' होतं, 'पिन'ला चिकटवली की 'पाइन'. ई स्वतः तोंड उघडत नाही, पण मधल्या स्वराचा कान पिळते. मुलं तिला दादागिरीवाली ई म्हणतात. आम्ही शिकलेसवरलेल्या बाया गाणी म्हणतो, टाळ्या वाजवतो, पडद्यावर नाचणारी अक्षरं दाखवतो. तरी वर्गातली पाचसहा पोरं 'शिप' आणि 'शीप' एकाच सुरात म्हणत बसतात, आणि माझं डोकं फिरतं.

ती पाचसहा पोरं डोरीनकडे जायची. कोट टांगायच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक हातआरसा, एवढाच तिचा संसार. "कानांचं काही खरं नाही गं पोरी," ती मला म्हणायची. "माझे तर दोन्ही पळून गेले. ओठांकडे बघायला शिकव." आखूड आवाजाला जबडा सैल सोडायचा, आला आवाज की गेला. लांब आवाजाला गाल ताणायचे नाहीतर ओठांचा चंबू करायचा, आणि पेपरमिंट चघळल्यासारखा तो आवाज तोंडात धरून ठेवायचा. पोरं आरशात बघून तोंडं वेडीवाकडी करायची, हसायची, आणि तीन आठवड्यांत फरक ओळखून परत यायची. मला तिचा हेवा वाटायचा. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

हॅटी डकवर्थ मात्र वेगळं प्रकरण होतं. तिला शाळेत येऊन वर्ष झालं होतं आणि तिनं शाळेत एक शब्द उच्चारला नव्हता. लाजणं वेगळं. हिचा चेहराच दगड व्हायचा. घरी म्हणे तोंडाचा पट्टा सुरू. तिचा बाप डीन कचऱ्याची गाडी चालवायचा. तो मला म्हणाला, "मिस, घरी टीव्हीलासुद्धा बोलू देत नाही हो ती. शाळेच्या फाटकाशी आली की कुणीतरी नळ बंद केल्यासारखं होतं."

डोरीननं तिला कोटांच्या खोलीत नेलं. पहिले तीन महिने तिनं काहीच विचारलं नाही. दोघी बटणं लावायच्या, बिस्किटं खायच्या. ऑक्टोबरपासून फेब्रुवारी उजाडला, आणि एका सकाळी डोरीन धापा टाकत माझ्याकडे आली. "बोलली. कुजबुजली, पण बोलली. 'बिस्किट मऊ पडलंय' म्हणाली मला." आम्ही दोघी फळ्यामागे उभ्या राहून रडलो. पुढच्या दोन महिन्यांत हॅटी शब्द वाचायला लागली. कुजबुजूनच आणि फक्त डोरीनसमोर, पण आखूड काय नि लांब काय, एक शब्द चुकत नव्हता. एकही नाही. खरं तर तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

तिकडे मुख्याध्यापक मिस्टर क्रॅबट्री कागद रंगवत होते. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी जगात नसायची. त्यांनी मला बोलावलं. "जुलैत कौन्सिलच्या समितीची बैठक आहे. मुलगी बोलत नाही, वाचते की नाही माहीत नाही. तिला प्रेस्टनजवळच्या विशेष शाळेत पाठवावं असं मी लिहितोय. टॅक्सी येईल, चाळीस मिनिटांचा प्रवास."

"वाचते ती," मी म्हटलं. "डोरीनसमोर वाचते."

"डोरीनसमोर! मिसेस हॅवर्थना धड ऐकू येतं का? जूनमध्ये पहिलीची वाचनचाचणी आहे. चाळीस शब्द, बत्तिसांना पास. तिथे काय होतं ते दाखवा मला. मी माझा अहवाल फाडून टाकतो."

ही चाचणी सगळ्या देशात एकाच आठवड्यात होते. निम्मे शब्द खरे, निम्मे बनावट. बनावट शब्दाशेजारी राक्षसाचं चित्र. शब्द पाठ करून भागत नाही, अक्षरं वाचता यावीच लागतात. मूल ओळखीच्या माणसासमोर बसतं, आणि त्या माणसानं कसलीही मदत करायची नाही. डीनला मी हे सांगितलं तेव्हा तो फाटकाशी हातमोजे पिळत उभा राहिला. "तिथे टॅक्सीत बसवलं तर ती परत कधी बोलणार नाही, मिस. मला माहितेय माझी पोर."

चाचणीला पंधरा दिवस होते. मी काही कामानं कोटांच्या खोलीकडे गेले आणि दाराच्या काचेतून आत नजर गेली. हॅटी पाठमोरी होती, डोरीनचा चेहरा माझ्याकडे. डोरीननं एक शब्दाचं कार्ड टेबलावर ठेवलं. आणि तिचे ओठ हलले. सगळा चेहरा हलला. गाल ताणले, खालचा ओठ उलटला, दात दिसले. आवाज काही नाही. मग हॅटीचं डोकं हललं: तिनं शब्द म्हटला होता. दुसरं कार्ड. पुन्हा ओठ. हॅटीनं खाली टेबलाकडे बघितलंच नाही.

मी दाराला हात न लावता मागे फिरले.

मधल्या सुट्टीत मी डोरीनला चहाच्या खोलीत गाठलं. "तू तिला शब्द सांगतेस."

"काय?"

"ओठांनी. ती वाचण्याआधी तू वाचतेस."

डोरीन लालभडक झाली. "मी? एकतीस वर्षं झाली मला इथे! मी पोरांना फसवायला शिकवते असं म्हणायचंय तुला?"

मी भिंतीवरचा छोटा आरसा काढला, तिच्या तोंडासमोर धरला, आणि दुसऱ्या हातानं वर्तमानपत्र. "मनात वाच."

तिनं मथळा वाचला. पहिल्या शब्दापासून आरशातलं तोंड चालू झालं. डोरीननं ते पाहिलं. वर्तमानपत्र खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा वाचायला लागली, आणि ओठ पुन्हा हलले. तिच्या तोंडाचा रंगच उडाला.

"माझी आईसुद्धा असंच वाचायची," ती हळू म्हणाली. "आम्ही सगळ्याच. मला वाटायचं, ते आतल्या आत असतं." मग खुर्चीत बसली. "म्हणजे त्या पोरीला वाचता येतं, का माझं तोंड वाचता येतं?"

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघी या एका प्रश्नात जिवंतपणी भाजून निघालो.

आधी आम्ही तिचं तोंड बांधायचा प्रयत्न केला. चहाचा घोट तोंडात धरून वाचायला लावलं, तर तिनं चहा कार्डिगनवर सांडला. स्टॅननं घरी दातांत पेन्सिल धरायला दिली. ती म्हणे चावून तुटली. शेवटी ओठ आत ओढून दातांखाली दाबायचे, हे थोडंफार जमलं. तसं तोंड करून ती हॅटीसमोर बसली. हॅटीनं त्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि तीही मिटली. चार दिवस एक शब्द नाही. वाचता येत नाही म्हणून, की समोरचं आपलं माणूस अचानक अनोळखी झालं म्हणून, काय समजायचं? पाचव्या दिवशी डोरीन मला म्हणाली, "माझं तोंड मिटलं की ती मिटते. आठ महिने खपून मी काय शिकवलं तिला? बोलायला नव्हे. न बोलता कसं भागवायचं, ते शिकवलं."

"मी घेते चाचणी," मी म्हटलं.

"तुझ्यासमोर ती श्वाससुद्धा घेत नाही."

हेही खरं होतं.

चाचणीच्या सकाळी क्रॅबट्रींनी आणखी एक धोंडा आमच्या गळ्यात बांधला. कौन्सिलकडून एक बाई तपासणीला आल्या होत्या, मिसेस ऑर्मरॉड. काही शाळांना अशी अचानक भेट होते. आमचं नशीब असं की ती आम्हाला आणि त्याच दिवशी. उंच, सुक्या, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्या म्हणाल्या, "न बोलणाऱ्या मुलीची चाचणी मी बघेन. तुमचं चालू द्या, मी इथे नाहीच असं समजा." असं म्हणणारं माणूस खोलीत सगळ्यात जास्त जागा खातं.

कोटांच्या खोलीत आम्ही चौघी. डोरीन आणि हॅटी समोरासमोर, शब्दांची पुस्तिका हॅटीपुढे, पानावर चार शब्द. हॅटीच्या मागे हातभर अंतरावर मी, खुणा करायचा कागद घेऊन, कारण डोरीनच्या कानांवर ते काम सोपवता येत नव्हतं. मिसेस ऑर्मरॉड खिडकीशी, डोरीनच्या मागल्या बाजूला. त्यांना तिचा फक्त कान आणि गाल दिसत होता. शिट्टी वाजून पोर बिचकायला नको म्हणून डोरीननं यंत्र काढून खिशात टाकलं. तिच्या हातात शब्दांची यादी होती. तिनं ओठ आत ओढले.

हॅटी गप्प.

बाहेर मैदानात कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. मिसेस ऑर्मरॉडनी चष्मा लावला, काढला. हॅटी डोरीनच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिच्या मानेवरचे बारीक केस घामानं चिकटलेले मला दिसत होते. एक मिनिट गेलं असेल. मला ते तासाभराचं वाटलं. हिनं एक तरी शब्द म्हणावा म्हणून मी मनात नाही नाही ते नवस बोलत होते, आणि मी चर्चमध्ये फक्त लग्नांना जाते.

आणि डोरीनचे ओठ सुटले. तिच्या नकळत, अगदी हळू. पहिला शब्द तिच्या चेहऱ्यावर उमटला आणि हॅटी कुजबुजली.

बरोबर.

मी खूण केली. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे बरोबर. पान उलटलं. आणखी चार, बरोबर. मी डोरीनचे ओठ हलताना पाहत होते, तिच्यामागे बसलेल्या बाईंना ते दिसत नाहीत हेही पाहत होते, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. खोटं कशाला बोलू? मला ते बत्तीस हवे होते. टॅक्सी, प्रेस्टन, डीनचे ते पिळलेले हातमोजे, सगळं डोळ्यांपुढे होतं. मी मान खाली घातली आणि खुणा करत राहिले.

तिसरं पान हॅटीनंच उलटलं. दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली. मला तिच्या खांद्यावरून दिसलं. तिच्यापुढे तेरा ते सोळा क्रमांकाचे शब्द होते. डोरीनच्या यादीत नववा. डोरीनच्या ओठांनी नववा म्हटला. हॅटी कुजबुजली: नववा. समोर कागदावर नसलेला शब्द. दहावा. अकरावा. बारावा. चारही बरोबर, आणि चारांतला एकही तिच्यासमोर नव्हता.

डोरीननं पान उलटायला हात पुढे केला आणि तो हवेतच थांबला. तिनं पुस्तिकेकडे पाहिलं, आपल्या यादीकडे पाहिलं, हॅटीकडे पाहिलं. हॅटीची नजर अजून तिच्या तोंडावरच होती, पुढच्या शब्दाची वाट बघत.

मी मनात ओरडत होते, उलट पान, डोरीन, उलट. कुणाला कळणार नाही.

"थांबवा," डोरीन म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, मोठ्यानं. हॅटी दचकली. "बाई, हे बारा शब्द तिनं नाही वाचले. मी सांगितले. ओठांनी. ही माझी खोड आहे, गिरणीतली. पोरीचा काही दोष नाही."

मिसेस ऑर्मरॉड उठून पुढे आल्या. डोरीनला दिसावं म्हणून समोर उभं राहावं, एवढी समज त्यांना होती. "मिसेस हॅवर्थ, तुम्ही काय म्हणताय ते कळतंय ना तुम्हाला? हे बारा बाद करावे लागतील. उरतात अठ्ठावीस. सगळे बरोबर आले तरी बत्तीस होत नाहीत. आणि तुमच्याबद्दल मला लिहावं लागेल."

"लिहा. बत्तीस गेले खड्ड्यात. हिला वाचता येतं की नाही, ते मला कळू दे. उरलेले अठ्ठावीस होऊ द्या."

"पण तुमचे ओठ..."

"त्याचं मी बघते."

ती उठली. खुर्ची उचलून गर्रकन फिरवली आणि हॅटीकडे पाठ करून बसली. तिच्यापुढे आता भिंत होती आणि भिंतीवर टांगलेले पोरांचे कोट.

"हॅटी, बाय माझी," ती त्या कोटांना म्हणाली, "तुझ्यापुढे पुस्तक आहे. त्यातलं मला वाचून दाखव. मला कमी ऐकू येतं, तुला माहितेय."

तेराव्या शब्दाचं पान उघडंच होतं, ती पुस्तिका मी हॅटीपुढे नीट सरकवली आणि मागे झाले. हॅटी त्या आकाशी पाठीकडे बघत राहिली. दीड वर्षात या इमारतीत तिचं म्हणून एकच तोंड होतं, आणि ते तिच्यापासून काढून घेतलं होतं. तिचे खांदे आकसले. आता रडणार, आणि मग संपलं, असं मला वाटलं. मिसेस ऑर्मरॉडनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

हॅटीनं खाली पुस्तिकेकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"ब्लिप," ती म्हणाली.

चूक होतं. शेवटी दादागिरीवाली ई होती, आवाज लांब हवा होता. मी फुलीसाठी पेन्सिल कागदावर टेकवली. हॅटीचं बोट अक्षरांवरून पुढे सरकलं, ई वर थांबलं, परत मागे आलं. "ब्लाइप."

आणि तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बरोबर म्हणाली म्हणून नव्हे, आधी चुकली म्हणून. डोरीनच्या ओठांवरून वाचताना ती कधीच चुकली नव्हती. ही चूक तिची स्वतःची होती, कागदावरून उचललेली. मी हात तोंडावर दाबून धरला.

पुढचा बरोबर. त्यापुढचा बरोबर. डोरीनची पाठ हलली नाही. हॅटीनं एकदा वर पाहिलं, पाठीकडून काहीच आलं नाही, तेव्हा तिनं पुढचा शब्द जरा मोठ्यानं म्हटला. तरी पाठ ढिम्म. त्यापुढचा आणखी मोठ्यानं. मला कळेना की ही पोर ओरडत का चाललीय, आणि मग लक्षात आलं: डोरीनला ऐकू जावं म्हणून. कुजबूज गेली आणि आवाज आला, थोडा घोगरा, बापासारखा. वर्षभर शिकवलं मी तिला आणि तिचा आवाज कसा आहे हे मला त्या दिवशी समजलं. 'ग्लोप'ला ती 'ग्लॉप' म्हणाली. मी फुली मारली, आणि फुली मारताना कधी इतका आनंद झाला नव्हता. मिसेस ऑर्मरॉड चष्मा हातात धरून विसरल्या होत्या.

डोरीनला यातलं काहीच कळत नव्हतं. यंत्र तिच्या खिशात होतं, आणि आता ते शोधायला ती हलली तर हॅटी थांबेल या भीतीनं तिनं हात मांडीवर दाबून ठेवले होते. पोर बोलतेय, की रडतेय, की उठून निघून गेलीय, तिला पत्ता नव्हता. तिची मान ताठ होती, कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला तिला सांगता येत नव्हतं. चाचणी चालू होती.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे जिवाला घोर नको. अठ्ठाविसांतले चोवीस बरोबर आले. डीनच्या घरी छापील पत्र गेलं की मुलगी अपेक्षित पातळीला पोचली नाही, पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी होईल. त्यानं ते फ्रिजच्या दारावर लावलं. मिसेस ऑर्मरॉडनी दोन पानं लिहिली. एका पानावर, मुलगी अनोळखी माणसासमोर मोठ्यानं वाचते, मी स्वतः ऐकलं आहे, असं होतं. समितीत क्रॅबट्रींनी ते पान स्वतः वाचून दाखवलं आणि बोलल्याप्रमाणे आपला अहवाल फाडला. टॅक्सी आली नाही. दुसरं पान डोरीनबद्दल होतं. तिला पुन्हा कुठलीही चाचणी घेता येणार नाही असा शिक्का तिच्या कागदांवर पडला. एकतीस वर्षांत तिच्या कागदांवर पडलेला तो एकमेव डाग. "माझा आहे, मी घेईन," ती म्हणाली. मी त्या पहिल्या बारा शब्दांना गप्प बसले होते हे मात्र कुठल्याच पानावर आलं नाही. मी क्रॅबट्रींकडे जाऊन ते सांगायला हवं होतं. अजून सांगितलेलं नाही.

पण त्या खोलीत अजून चाळिसावा शब्द व्हायचा होता. तो झाला, बरोबर झाला. मी खूण केली. हॅटीनं पुस्तिका मिटली आणि पाठीकडे बघत थांबली.

डोरीन तशीच बसली होती. तिला कसं कळणार की संपलं?

"मिसेस हॅवर्थ," हॅटीनं हाक मारली. चांगली मोठ्यानं, बाहेर चेंडू आपटायचा थांबला. डोरीननं मान वळवली नाही. हॅटीनं माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत, पहिल्यांदाच, आणि जरा वैतागून.

"त्यांना ऐकू येत नाही," ती मला म्हणाली.

मग ती खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून कोटांच्या आणि डोरीनच्या मधल्या फटीत शिरली, आणि तिच्यासमोर उभी राहिली. डोरीनचे डोळे मिटलेले होते. हॅटीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. डोरीननं डोळे उघडले, आणि हॅटीनं आवाज न काढता, गाल ताणून, ओठ उलटून, मागांच्या शेडमधल्या बायकांना लाजवेल अशा सगळ्या चेहऱ्यानं तिला सांगितलं, "सगळे वाचले. मी. एकटीनं."